चिपिंग क्लेगहॉर्नमधील खुनी कोण? – ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ वाचताना बांधलेले तर्क

दिवेलागण यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या वाचनगटाने या वेळी अगाथा ख्रिस्ती यांची १९५० साली प्रसिद्ध झालेली ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ ही कादंबरी निवडली आहे. डोरा बनर या पात्राच्या मृत्यूपर्यंत आल्यावर प्रत्येकाने पुस्तक मिटून ठेवावे आणि आपल्या मते खुनी कोण हे कारणांसह लिहून काढावे, असे आम्ही ठरवले आहे. मी तेथवर पोहोचलो आहे आणि पुढचे पान उलटण्यापूर्वी माझा तर्क येथील जाणत्या वाचकांपुढे ठेवू इच्छितो. ज्यांनी पुस्तक संपूर्ण वाचले आहे त्यांना विनंती अशी की, माझे वाचन पूर्ण झाल्याचे मी कळवीपर्यंत त्यांनी नाव उघड करू नये.

कथानक ज्यांच्या स्मरणात नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चिपिंग क्लेगहॉर्न या इंग्लंडमधील खेड्यात एका सकाळी स्थानिक वृत्तपत्रात जाहिरात येते की, शुक्रवार २९ ऑक्टोबर रोजी सायंकाळी साडेसहा वाजता ‘लिटल पॅडॉक्स’ या घरी एक खून होणार आहे आणि स्नेह्यांनी हेच आमंत्रण समजावे. घराच्या मालकीण मिस लेटिशिया ब्लॅकलॉक यांना या जाहिरातीची काहीच माहिती नसते, तरीही काही ना काही निमित्त काढून शेजारपाजारची मंडळी वेळेवर जमतात. साडेसहाच्या ठोक्याला दिवे जातात, दार धाडकन उघडते, कोणीतरी डोळे दिपवणारा टॉर्च सर्वांच्या तोंडावर फिरवतो आणि तीन गोळ्या झाडल्या जातात. उजेड झाल्यावर दिसते ते असे की, मिस ब्लॅकलॉक यांच्या कानातून रक्त वाहत आहे आणि टॉर्च धरणारा रुडी शेर्झ हा स्विस तरुण, जो जवळच्या एका हॉटेलात नोकरीला होता, दारात मरून पडला आहे.

पुढे दिवाणखान्याचे दुसरे दार, जे कायमचे बंद आहे असे सगळे समजत होते, त्याच्या कुलपाला आणि बिजागऱ्यांना नुकतेच तेल घातलेले आढळते. म्हणजे अंधारात कोणीतरी त्या दाराने बाहेर पडून, शेर्झच्या पाठीमागे जाऊन गोळ्या झाडल्या, हे उघड आहे. हेतूही सापडतो. मिस ब्लॅकलॉक पूर्वी रँडल गोडलर या धनाढ्य गृहस्थाच्या चिटणीस होत्या. त्याची पत्नी बेल स्कॉटलंडमध्ये मरणपंथाला लागली आहे. तिच्यामागे मिस ब्लॅकलॉक जिवंत असल्या तर सारी संपत्ती त्यांना मिळेल, आणि त्या आधी गेल्या तर गोडलरच्या बहिणीच्या पिप आणि एम्मा या जुळ्या मुलांना. ही जुळी भावंडे कुठे आहेत, कशी दिसतात, हे कोणालाच माहीत नाही.

माझा तर्क असा की, पिप किंवा एम्मा त्या दिवाणखान्यात दुसऱ्याच नावाने बसलेली होती. पॅट्रिक आणि ज्युलिया हे स्वतःला मिस ब्लॅकलॉक यांचे भाचे म्हणवणारे भाऊबहीण वयाने बरोबर जुळतात, पण इतके सोपे उत्तर ही लेखिका देईल असे वाटत नाही. म्हणून माझा संशय फिलिपा हेम्स या विधवा म्हणवणाऱ्या भाडेकरू बाईवर आहे. ती कमी बोलते, स्वतःविषयी काही सांगत नाही आणि बागेतील खोलीत तिला कोणाशी तरी बोलताना स्वयंपाकीण मित्झीने ऐकल्याचे म्हटले आहे. प्रश्न हा की, अशा कथेत तर्काची सुरुवात हेतूपासून करावी, की गुन्हा करण्याची संधी कोणाला होती येथून करावी?

कृष्णाकाठ यांचा प्रतिसाद

माझेही वाचन आपल्याइतकेच झाले आहे, त्यामुळे निःशंकपणे लिहितो. संधीपासून सुरुवात करून या कादंबरीत फारसे काही हाती लागणार नाही, आणि त्याचे कारण कथेच्या काळात आहे. महायुद्ध संपून काही वर्षे झाली असली तरी ब्रिटनमध्ये रेशन चालूच होते. ते पूर्णपणे उठले १९५४ साली. त्यामुळे या गावात कोणाकडचे लोणी, कोणाकडची भाजी, कोणाकडचे मांस अशी देवाणघेवाण गुपचूप चालते, आणि ती सोयीची व्हावी म्हणून लोक एकमेकांच्या घरी, घरात कोणी नसतानाही, मागच्या दाराने जाऊन वस्तू ठेवून येतात. इन्स्पेक्टर क्रॅडॉकला हे कोणी सहजी सांगत नाही, कारण ते कायद्याविरुद्ध आहे. एकदा हे लक्षात आले की दाराला तेल कोणी घातले आणि शेजारी कर्नल ईस्टरब्रुक यांचे रिव्हॉल्व्हर कोणी उचलले, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘गावातला कोणीही’ असे येते.

तेव्हा हेतू हाच धागा उरतो, आणि तो धरला तर माझ्या मते त्या सायंकाळी हजर असलेला गावातील तरुण एडमंड स्वेटनहॅम हा पिप असावा. तो आईबरोबर राहतो हे खरे, परंतु ती त्याची आईच आहे याला त्या दोघांच्या शब्दापलीकडे पुरावा काय? फिलिपाविषयी मला आपल्याइतकी खात्री वाटत नाही. ती काहीतरी लपवते आहे हे नक्की, पण अशा कादंबऱ्यांत जवळजवळ प्रत्येक पात्र काहीतरी लपवत असते आणि त्यातले एकच गुपित खुनाचे असते.

पानगळ यांचा प्रतिसाद

पुस्तक पूर्ण वाचले आहे, म्हणून नाव न घेता दोनच गोष्टी सुचवते.

पहिली गोष्ट मित्झीविषयी. ती युरोपातून जीव वाचवून आलेली निर्वासित आहे, तिच्या माणसांचे हाल तिने पाहिलेले आहेत, आणि ती प्रत्येक गोष्ट वाढवून सांगते म्हणून गावातले लोक तिच्या कोणत्याही बोलण्याकडे लक्ष देत नाहीत. वाचकही नकळत त्यांच्यासारखाच वागू लागतो. वाढवून सांगणारा माणूस प्रत्येक वेळी खोटेच बोलतो असे नाही, हे ध्यानात ठेवून तिचे जबाब पुन्हा वाचावेत.

दुसरी गोष्ट मिस ब्लॅकलॉक यांच्या घरी राहणाऱ्या त्यांच्या मैत्रीण डोरा बनर यांच्याविषयी. त्या विसराळू आहेत, गोंधळतात, एकाला दुसरेच नाव घेऊन हाक मारतात. त्यामुळे त्यांचे बोलणे आपण भरभर वाचून पुढे जातो. परंतु दिवाणखान्यातील दिव्याबद्दल त्या अगदी ठामपणे सांगतात की त्या सायंकाळी तेथे मेंढपाळ मुलीचा दिवा होता आणि दुसऱ्या दिवशी त्या जागी मेंढपाळ मुलाचा दिवा आला. मृत्यूपूर्वी त्या जे जे बोलल्या, त्यातील प्रत्येक शब्द खरा आहे असे धरून चालले तर काय निष्पन्न होते, ते एकदा करून पाहावे.

दिवेलागण

आपण सुचवल्याप्रमाणे डोराचे सर्व संवाद पुन्हा वाचले आणि त्यानंतर पुस्तक पूर्ण केले. आता नाव घेण्यास हरकत नाही. ज्यांना अजून वाचायचे आहे त्यांनी येथेच थांबावे.

मिस ब्लॅकलॉक हीच खुनी असेल, ही शक्यता आमच्या गटातील एकाही सदस्याने लिहून दिली नव्हती. तिच्या कानातून वाहणारे रक्त पाहिल्यावर तिला आम्ही सर्वांनी संशयितांच्या यादीतून काढून टाकले होते. प्रत्यक्षात ती अंधारात दुसऱ्या दाराने बाहेर गेली, स्वतः जेथे उभी होती त्या भिंतीकडे तिने दोन गोळ्या झाडल्या, तिसरीने शेर्झला मारले आणि नखे कापायच्या कात्रीने कानाची पाळी कापून ती जागेवर येऊन उभी राहिली. आता मला जाणून घ्यायचे आहे ते असे की, हे आधी ओळखणे खरोखर शक्य होते का? कोणी ओळखले असल्यास कशावरून?

आडवाट यांचा प्रतिसाद

मी ओळखले होते, आणि ते ओळखण्यात माझ्या वैद्यकीय शिक्षणाचा वाटा मोठा आहे, म्हणून ते सविस्तर लिहितो.

मिस ब्लॅकलॉक साध्या, जाड लोकरी कपड्यांवरही गळ्याला घट्ट बसणारी मोठ्या मोत्यांची माळ घालते. मोती खोटे आहेत हे वाचकाला कळते. खेड्यात राहणारी, व्यवहारी, नटण्याची हौस नसलेली साठीची बाई सकाळ-संध्याकाळ खोट्या मोत्यांची माळ का घालते, हा प्रश्न मला पहिल्या काही प्रकरणांतच पडला. गळ्याच्या पुढच्या खालच्या भागावर आडवा व्रण राहतो तो थायरॉइडच्या शस्त्रक्रियेचा. पुढे बेल गोडलर क्रॅडॉकला सांगते की लेटिशियाला शार्लट नावाची एक बहीण होती, तिला काही व्यंग होते, वडील डॉक्टर असूनही हेकट आणि जुन्या मतांचे होते, आणि त्या बहिणीसाठी लेटिशिया नोकरी सोडून गेली. व्यंग कोणते ते तेथे स्पष्ट होत नाही. पण दोघी बहिणी स्वित्झर्लंडला गेल्या, हे वाचल्यावर माझ्या डोळ्यांपुढे गलगंडाशिवाय (थायरॉइड ग्रंथी वाढून गळा फुगण्याचा आजार) दुसरे काही आले नाही.

याचे कारण सांगतो. डोंगराळ प्रदेशात माती आणि पाण्यात आयोडीन कमी असते आणि तेथील लोकांत गलगंड मोठ्या प्रमाणात आढळतो. आपल्याकडे हिमालयाच्या पायथ्याच्या पट्ट्यात हेच घडत होते आणि म्हणून १९६२ साली भारत सरकारने राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. आल्प्समधील स्वित्झर्लंड हा युरोपातील अशाच प्रदेशांपैकी एक होता. त्यामुळे थायरॉइडच्या शस्त्रक्रियेतही तेथील डॉक्टर पुढे गेले. बर्न शहरातील शल्यविशारद थिओडोर कोखर यांना १९०९ साली याच ग्रंथीवरील कार्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा गलगंडाच्या रुग्ण मुलीला इंग्लंडमधून स्वित्झर्लंडला नेणे हे अगदी सुसंगत आहे, आणि मेलेला तरुणही स्विसच आहे. त्याने या बाईला तेथील रुग्णालयात पाहिले असेल, एवढे जोडायला मग फार वेळ लागला नाही.

गुन्ह्याची उकल करणाऱ्या वृद्ध मिस मार्पल एका कागदावर काही शब्द टिपून ठेवतात आणि त्यात आयोडीन, मोती आणि बर्न हे तिन्ही शब्द आहेत. तो कागद वाचकाला उकल होण्याआधीच दाखवलेला आहे. हे लपवणे नव्हे. तरीही एक आक्षेप मला नोंदवावासा वाटतो: ज्या वाचकाला गलगंडाचा आयोडीनशी असलेला संबंध ठाऊक नाही, त्याला हा कागद पाहूनही काही कळणार नाही. इंग्लंडमध्ये डर्बीशर परगण्यात हा आजार इतका परिचित होता की त्याला त्या परगण्याच्या नावानेच ओळखत, तेव्हा १९५० सालच्या इंग्रज वाचकाला ही माहिती असण्याचा संभव होता. आज आयोडीनयुक्त मीठ घरोघरी पोहोचल्यावर, पुण्या-मुंबईतील तरुण वाचकाने तो आजार कदाचित पाहिलेलाही नसेल.

पानगळ यांचा प्रतिसाद

आडवाट यांनी वैद्यकीय बाजू फार चांगली मांडली, परंतु वैद्यकाचे काहीही ज्ञान नसलेल्या वाचकालाही हे नाव काढता येते, असे माझे मत आहे. आणि मला या कादंबरीविषयी जी आस्था वाटते ती त्या मार्गामुळेच.

आपण सर्वांनी पिप आणि एम्मा यांचा शोध घेताना एक गोष्ट मान्य केली की, या गावातील माणूस तो सांगतो तोच असेल असे नाही. एडमंड, पॅट्रिक, ज्युलिया, फिलिपा या प्रत्येकाच्या बाबतीत आपण तो प्रश्न विचारला. (ज्युलिया हीच एम्मा निघते आणि फिलिपा पिप निघते, म्हणजे मूळ प्रश्नकर्त्याचा माग बराचसा बरोबर होता, ती खुनी नव्हती एवढेच.) हा प्रश्न आपण फक्त तरुणांना विचारला, घराच्या मालकिणीला विचारला नाही. मिस मार्पल मात्र क्रॅडॉकशी बोलताना नेमक्या याच बदलाकडे बोट दाखवतात. पूर्वी खेड्यात नवे कुटुंब आले तर ते कोणाच्या ओळखीने आले, कोणत्या पलटणीतले, कोणाच्या नात्यातले, हे सगळ्यांना माहीत असे. आता युद्धानंतर हिंदुस्थानातून, हाँगकाँगहून, कुठून कुठून माणसे येऊन राहतात आणि ती स्वतःबद्दल जे सांगतात तेवढेच इतरांना ठाऊक असते. आपल्या गावांतही नव्या माणसाला ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हे विचारल्याशिवाय चहा पुढे येत नाही, आणि बहुतेक वेळा त्या गावात आपले कोणीतरी निघतेच. ती साखळी तुटलेले गाव कसे असते, हे या कादंबरीत दिसते. युद्धकाळात ब्रिटनमध्ये सुरू झालेली ओळखपत्रे १९५२ पर्यंत चालू होती, रेशनची पुस्तकेही होती, परंतु कागदावरचे नाव आणि हातात कागद धरणारा माणूस एकच आहे, हे त्या कागदाने सिद्ध होत नव्हते.

आता वारसाचा प्रश्न पुन्हा मांडून पाहा. लेटिशिया ब्लॅकलॉक बेल गोडलरच्या आधी मेली तर संपत्ती जुळ्यांना जाते. तिच्या मृत्यूने जुळ्यांचा फायदा होतो हे आपण लगेच पाहिले. पण ती मेली आहे हे लपवण्यात कोणाचा फायदा होतो, हे पाहिले नाही. खरी लेटिशिया न्यूमोनियाने स्वित्झर्लंडमध्येच वारली आणि शार्लट तिचे नाव घेऊन इंग्लंडला परतली. ज्या बाईच्या जिवाला धोका आहे असे पोलिसांपासून सगळे गाव मानते, ती केव्हाच मरण पावलेली आहे. मला वाटते, खुनाच्या कथांत याहून सुरेख बांधणी क्वचितच असेल.

डोराचे महत्त्व येथेच आहे. शाळेपासूनची ही मैत्रीण दोघी बहिणींना ओळखत होती. हलाखीत दिवस काढताना तिने पत्र पाठवले आणि शार्लटने तिला प्रेमाने घरी आणले, कारण एवढ्या वर्षांत तिला स्वतःच्या खऱ्या नावाने ओळखणारे दुसरे कोणी उरले नव्हते. डोरा तिला ‘लेटी’ (लेटिशियाचे लाडके नाव) म्हणण्याचा प्रयत्न करते आणि मधूनच ‘लॉटी’ (शार्लटचे लाडके नाव) म्हणून जाते. छापील पुस्तकात ही दोन्ही रूपे डोळ्यांसमोर आहेत. बहुतेक वाचक त्याला मुद्रणदोष समजतात किंवा ते त्यांच्या लक्षातच येत नाही.

आणि मग तो वाढदिवस. रेशनच्या काळात लोणी, साखर, चॉकलेट, मनुका हे सारे जमवून मित्झीकडून केक करवून घेतला जातो, पॅट्रिक त्याला चवदार मृत्यू अशा अर्थाचे नाव देतो, डोरा लहान मुलीसारखी हरखून जाते, आणि त्याच दिवशी ती मैत्रिणीच्या पलंगाजवळील अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या घेऊन झोपते ती उठत नाही. पोलिसांना वाटते की विष मिस ब्लॅकलॉकसाठी होते. ते डोरासाठीच होते, आणि तो केक, तो समारंभ हा तिला दिलेला शेवटचा आनंद होता. शार्लटचे नंतरचे रडणे खोटे नाही. तिने मारलेल्या तिघांपैकी मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो तो हाच खून, कारण त्यात द्वेष अजिबात नाही. वडिलांच्या हेकटपणामुळे जिचे तारुण्य बंद खोलीत गेले, तिला उशिरा का होईना मोकळे आयुष्य मिळाले होते, आणि ते टिकवण्यासाठी तिने सर्वांत जवळच्या माणसाचा बळी दिला. लेखिकेने तिला राक्षसी केलेले नाही, आणि तिचा अपराधही कमी करून दाखवलेला नाही.

कृष्णाकाठ यांचा प्रतिसाद

मीही आता वाचन संपवले. पानगळ यांचे विवेचन पटले, तरी न्याय्यतेबद्दल थोडे लिहितो. इंग्रज रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेसाठी जे दहा नियम मांडले, त्यांत एक असा आहे की, जुळी किंवा एकमेकांसारखी दिसणारी माणसे वाचकाला पुरेशी पूर्वसूचना दिल्याशिवाय कथेत आणू नयेत. येथे जुळ्यांची सूचना आधीच दिलेली आहे. पिप हे नाव वाचून आपण मुलगा गृहीत धरतो, ती चूक आपली. बहिणीचीही सूचना बेलच्या तोंडून मिळते. लेखिका मिस ब्लॅकलॉकचे बोलणे आणि वागणे दाखवते, तिच्या मनात शिरत नाही, त्यामुळे वाचकाशी असत्य बोलल्याचा दोष तिच्यावर येत नाही.

माझे पूर्ण समाधान झाले नाही ते एकाच ठिकाणी. त्या सायंकाळच्या पाहुण्यांपैकी आणि पुढे तिसरी बळी ठरलेली मिस मर्गाट्रॉइड दारामागे उभी होती, म्हणून टॉर्चने तिचे डोळे दिपले नाहीत आणि खोलीत कोण नाही हे तीच पाहू शकली. हे आठवल्याच्या क्षणीच तिची मैत्रीण मिस हिंचक्लिफ गाडी काढून निघून जाते आणि तेवढ्यात खुनी तेथे पोहोचते, हा योगायोग मला ओढून आणल्यासारखा वाटतो.

पानगळ

तो योगायोग आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु मर्गाट्रॉइडचे वाक्य पाहावे: ‘ती तेथे नव्हती’, असे ती म्हणते. हे वाक्य अंधारातील दिवाणखान्यात उपस्थित असलेल्या प्रत्येक बाईला लावून पाहिले तर यादी फार लहान होते, आणि खून कोणी केला हे त्या क्षणी वाचकाला काढता येते.

आपल्या गटाच्या चर्चेत आणखी एक जागा जरूर वाचून दाखवावी. जाहिरातीच्या सायंकाळी जमलेले पाहुणे एकामागून एक म्हणतात की, आपण घर तापवण्याची यंत्रणा सुरू केलेली दिसते. कोळशाची टंचाई असताना ऑक्टोबरमध्येच ती सुरू करणे ही उधळपट्टी आहे, म्हणून इंग्रज वाचकाला त्यात शेजाऱ्यांचा खोचकपणा दिसतो आणि आपल्याला ते नुसते हवापाण्याचे बोलणे वाटते. शेकोटी पेटवली असती तर दिवे गेल्यावरही तिचा उजेड खोलीत राहिला असता. त्या घरात शेकोटी पेटवू नये असे ठरवण्याचा अधिकार एकाच व्यक्तीला होता.